घरच्या घरी कोंबडीची व बदकाची अंडी उबवताना

कोंबडीच्या अंड्यातून एकविसाव्या दिवशी आणि बदकाच्या अंड्यातून अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या दिवसांत अंड्यातून काय बाहेर जायला हवे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात राहते आणि तेवढ्या प्रमाणात रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. कवच फोडण्यापूर्वी पिल्लू पहिला श्वास घेते तो याच पोकळीत. पाणी कमी गेले, तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतल्या आतच गुदमरते. जास्त गेले, तर कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला हलताही येत नाही. म्हणून यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर अधिक भरवसा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंडी निवडणे आणि साठवणे

दुकानात मिळणारी पांढरी अंडी उबवण्याच्या उपयोगाची नसतात, कारण ती ज्या कोंबड्यांची असतात त्यांच्यात कोंबडा ठेवलेलाच नसतो. बाजारातील गावरान अंडी सफल असू शकतात, पण ती किती दिवसांची आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे अंडी घरच्या किंवा ओळखीच्या कळपातून घ्यावीत. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आणि पाच-सहा बदकांच्या माद्यांमागे एक नर असेल, तर बहुतेक अंडी सफल निघतात. मात्र नवा नर सोडल्यानंतर निदान आठवडाभर थांबून मगच अंडी गोळा करायला सुरुवात करावी. सुधारित जातींची अंडी हवी असल्यास पशुसंवर्धन विभागाच्या पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत चौकशी करता येते.

अंडे मध्यम आकाराचे, एका टोकाला स्पष्ट रुंद आणि दुसऱ्याला निमुळते असावे. फार मोठे (बहुधा दोन बलकांचे), फार लांबट, खडबडीत किंवा केसाएवढी का होईना भेग गेलेले अंडे खाण्यासाठी ठेवावे. भेग सहसा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवली की तडकलेल्याचा आवाज बोदा येतो.

अंडी घातल्यापासून सात दिवसांच्या आत ती उबवायला ठेवावीत. त्यानंतर प्रत्येक दिवसागणिक पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरते. साठवणीसाठी १३ ते १६ अंश सेल्सिअस तापमान उत्तम असते. घरातील फ्रिज यापेक्षा बराच थंड असतो, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यातील खोली फारच गरम. खोलीचे तापमान पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर गेले की अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि पुढे अशक्त होऊन मरतो. ज्यांच्याकडे थंड जागा नाही त्यांनी पसरट टोपलीत ओली वाळू भरून तिच्यात मातीचे मडके रोवावे, तळाशी पेंढा घालून त्यात अंडी ठेवावीत, वरून सुती कापड बांधावे आणि वाळू दिवसातून दोनदा शिंपून ओली राखावी. निमुळते टोक खाली आणि रुंद टोक वर, हा नियम साठवणीतही पाळावा. लांबून प्रवास करून आलेली अंडी याच स्थितीत एक दिवस विसावू द्यावीत आणि मगच उबेला लावावीत.

अंडी धुवावीत का, हा प्रश्न कोंबडीपेक्षा बदकाच्या बाबतीत जास्त पडतो. अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो आणि तो जंतूंना आत जाऊ देत नाही. धुतल्याने तो निघून जातो. बदक मात्र बहुतेक वेळा पहाटे, चिखलात नाहीतर शेणमातीत, जिथे बसेल तिथेच अंडे घालते. त्यावर उपाय धुण्याचा नव्हे, तर सकाळी नऊपर्यंत बदकांना कोरड्या पेंढ्यावर कोंडून ठेवण्याचा आहे. थोडी घाण कोरड्या कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढावी. धुणे अगदीच टळत नसेल, तर पाणी अंड्यापेक्षा थोडे गरम असावे. थंड पाण्यात अंडे आकसते आणि बाहेरची घाण छिद्रांवाटे आत ओढली जाते.

खुडूक कोंबडी असेल तर

दहा-बारा अंडीच उबवायची असतील आणि घरात गावरान कोंबडी खुडूक बसली असेल, तर यंत्राच्या भानगडीत पडूच नये. खुराड्यातून न उठणारी, जवळ गेल्यावर पिसे फुलवून गुरगुरणारी आणि पोटाखालची पिसे झडलेली कोंबडी रवणाला, म्हणजे अंडी उबवायला बसवण्याला, योग्य समजावी. खात्री करून घेण्यासाठी तिच्याखाली दोन दिवस साधी अंडी ठेवून पाहावीत. ती टिकून बसली, तर रात्री अंधारात ती अंडी काढून उबवायची अंडी सरकवावीत. दिवसा केलेला बदल तिच्या लक्षात येतो आणि कधी कधी ती उठून जाते.

पसरट टोपलीत खाली थोडी ओलसर माती, तिच्यावर पेंढ्याचा खळगा आणि पेंढ्यात मूठभर राख व कडुनिंबाचा पाला घालावा, कारण उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यातच रवण सोडते. टोपली अंधाऱ्या, शांत आणि मांजर, मुंगूस, घूस पोहोचणार नाही अशा जागी असावी. मध्यम बांध्याच्या कोंबडीखाली तिची दहा ते बारा अंडी मावतात. बदकाची सहा-सातच ठेवावीत. खाकी कॅम्पबेलसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या बदकांच्या जाती स्वतः क्वचितच उबवतात, म्हणून त्यांची अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात. कोंबडीला ही मोठी अंडी नीट फिरवता येत नाहीत. ती चरायला उतरली की आपण हाताने फिरवावीत आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्यावर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. बदकाची अंडी आठवडाभर जास्त घेतात आणि एवढा काळ बसून राहणे सगळ्याच कोंबड्यांना जमत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते. त्या वेळी तिला ज्वारी किंवा मका आणि स्वच्छ पाणी मिळावे. काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी फुकट जाऊ नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. त्याने काही बिघडत नाही, पण मेघगर्जनेने अंडी खराब होत नाहीत. वादळात वीज जाऊन यंत्र थंड पडले तर मात्र होतात.

यंत्राची तयारी

बाजारात छोटी उबवणी यंत्रे मिळतात आणि थर्माकोलचा खोका, तापमान नियंत्रक, संगणकातील छोटा पंखा व दिवा एवढ्या साहित्यातून घरीही यंत्र बनवता येते. दिवा जुन्या पद्धतीचा, तारेचा असावा. एलईडी दिव्यातून पुरेशी ऊब मिळत नाही. चाळीस ते साठ वॅटचा दिवा लहान खोक्याला पुरतो, पण तो थर्माकोलला टेकू देऊ नये आणि पाण्याच्या भांड्यावर तारा लोंबकळू देऊ नयेत. नियंत्रकाचा संवेदक अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर असावा. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसल्यास गरम हवा वर साचते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावे लागतात. कोंबडी आणि बदक दोहोंना हेच तापमान चालते.

स्वस्त मापकांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तापमापक तपासण्यासाठी पेलाभर कोमट पाण्यात तो आणि ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. आर्द्रतामापक तपासण्याची रीत याहून सोपी आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालावे, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवावे आणि रात्रभर हात लावू नये. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ८१ दाखवले, तर पुढे प्रत्येक वेळी सहा वजा करावेत. यानंतर यंत्र रिकामेच चोवीस तास चालवावे. त्यावर ऊन येऊ नये, आणि ते चुलीजवळ, पंख्याखाली किंवा खिडकीत ठेवू नये.

पाणी किती, हे वजनावरून ठरवावे

पुस्तकी प्रमाण असे आहे: कोंबडीच्या अंड्यांना पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता, बदकाच्या अंड्यांना पहिले पंचवीस दिवस ५५ ते ६० आणि नंतर ७० ते ७५ टक्के. परंतु हे प्रमाण चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये आणि रत्नागिरीच्या जुलैमध्ये एकाच उपायाने गाठता येत नाही. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात दोन पसरट भांडी भरूनही काटा वर चढत नाही, तर कोकणातील पावसाळ्यात यंत्रात पाण्याचा थेंब न घालताही आर्द्रता गरजेपेक्षा जास्त होते. पाणी खोल असून उपयोग नसतो, त्याचा पृष्ठभाग मोठा लागतो. आर्द्रता वाढवायची असेल तर पसरट भांडे किंवा पाण्यात अर्धवट बुडालेला स्पंजाचा तुकडा ठेवावा, कमी करायची असेल तर भांडे काढून घ्यावे आणि हवेची छिद्रे मोकळी करावीत. छिद्रे पूर्ण बुजवून आर्द्रता वाढवणे धोक्याचे आहे, कारण वाढत्या जीवाला प्राणवायू लागतो आणि शेवटच्या आठवड्यात तर फारच लागतो.

आता वजनाविषयी. कोंबडीच्या अंड्याचे वजन अठराव्या दिवसापर्यंत सुमारे १२ टक्क्यांनी, तर बदकाच्या अंड्याचे पंचविसाव्या दिवसापर्यंत १३ ते १४ टक्क्यांनी घटावे. समजा, दहा कोंबडीच्या अंड्यांचे पहिल्या दिवशीचे एकूण वजन ५२० ग्रॅम भरले. त्याचे १२ टक्के म्हणजे ६२ ग्रॅम, अर्थात दररोज साधारण साडेतीन ग्रॅम. सहाव्या दिवशी ही अंडी ५०० ग्रॅमच्या आसपास, बाराव्या दिवशी ४७८ आणि अठराव्या दिवशी ४५८ ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. सहाव्या दिवशी ५१० भरली, तर पाणी काढून घ्यावे. ४९० भरली, तर वाढवावे. अंडी एका वाटीत घालून काट्यावर ठेवायला दोन-चार मिनिटे लागतात आणि तेवढ्याने त्यांना काही होत नाही. मध्येच एखादे अंडे बाद केले, तर त्याचे मूळ वजनही हिशेबातून वजा करायला विसरू नये, म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक अंड्यावर क्रमांक घालून वजनांची नोंद स्वतंत्रपणे करावी. क्रमांक पेन्सिलीनेच घालावा. शाई कवचातून आत झिरपू शकते.

फिरवणे, थंड करणे आणि दिव्यावर पाहणे

ज्या दिवशी अंडी ठेवली तो दिवस शून्य धरावा. कोंबडीची अंडी रविवारी ठेवली, तर तीन आठवड्यांनी रविवारीच पिल्ले निघतात. बदकाची चार आठवड्यांनी, तीही रविवारीच. (मस्कोव्ही जातीच्या बदकाला ३५ दिवस लागतात, पण वार तोच राहतो.)

अंडे दीर्घकाळ एकाच कुशीवर राहिले की आतला जीव पापुद्र्याला चिकटतो. म्हणून दिवसातून किमान तीन, शक्यतो पाच वेळा अंडी फिरवावीत. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की, रात्रीच्या लांब वेळात अंडे आज ज्या बाजूवर राहिले तिच्यावर उद्या राहत नाही. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की कोणते फिरवायचे राहिले हे लगेच दिसते. फिरवताना अंडे गोल गोल एकाच दिशेने न नेता एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवावे. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत.

बदकाच्या अंड्यांना दहाव्या दिवसापासून आणखी एक उपचार उपयोगी पडतो. मादी अंड्यांवरून उठून पाण्यात जाते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते. त्याचे अनुकरण म्हणून रोज एकदा यंत्राचे झाकण दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावे आणि बंद करण्यापूर्वी अंड्यांवर कोमट पाण्याचा फवारा मारावा. पंचविसाव्या दिवशी हे थांबवावे. पावसाळ्यात वजन मुळातच कमी घटत असेल, तर नुसते थंड करावे, फवारा वगळावा.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यावर पाहावीत. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडून त्याखाली मोबाईलचा टॉर्च धरावा आणि अंड्याचे रुंद टोक त्यावर टेकवावे. सफल अंड्यात गडद ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. जरा वेळ पाहिले तर ठिपका हलतानाही दिसतो. सगळे अंडे एकसारखे पिवळसर उजळले, तर ते अफलित. रक्तवाहिन्यांच्या जागी एकच लाल कडे दिसले, तर जीव सुरू होऊन मेलेला आहे. तपकिरी कवचात हे ओळखणे कठीण जाते, तेव्हा शंका असलेले अंडे दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे आणि तोवर फेकू नये. बदकाच्या अंड्याचे कवच उजेड चांगला आत सोडते, त्यामुळे शिकणाऱ्याने पहिली तपासणी बदकाच्या अंड्यांवर केलेली बरी.

प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर अंड्यांचा वासही घ्यावा, ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण ती पाळावी. कुजू लागलेल्या अंड्याच्या कवचावर घामासारखे तपकिरी थेंब येतात. ते वेळीच, न हलवता बाहेर काढले नाही, तर यंत्रात फुटते आणि शेजारची चांगली अंडीही जंतूंनी खराब करते.

वीज गेली तर घाबरून जाऊ नये. कवचातील जीव थंडीपेक्षा उष्णतेला जास्त लवकर बळी पडतो. दोन-तीन तास ऊब कमी झाली, तर बहुतेक वेळा पिल्ले निघायला थोडा उशीर होतो, एवढेच. पण तापमान ४० अंशांच्या वर जाऊन तसेच राहिले, तर सगळी बॅच हातची जाते. यंत्रावर हवेची छिद्रे न झाकता घोंगडी पांघरावी, खंड लांबला तर कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत ठेवाव्यात, आणि वीज येताच नियंत्रक तापमान ओलांडत तर नाही ना, हे उभे राहून पाहावे.

शेवटचे तीन दिवस

कोंबडीची अंडी अठराव्या आणि बदकाची पंचविसाव्या दिवशी फिरवणे बंद करावे, आर्द्रता वाढवावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये. ज्यांना दोन्ही प्रकारची पिल्ले एकाच दिवशी हवी असतील त्यांनी बदकाची अंडी आधी ठेवून कोंबडीची बरोबर सात दिवसांनी ठेवावीत; मग फिरवणे थांबवण्याचा दिवसही दोघांचा एकच येतो. अशा वेळी फवारा फक्त बदकाच्या अंड्यांवर मारावा. अंड्यांखाली जाळी किंवा खरखरीत कापड असावे. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि ते दुखणे पुढे सहजासहजी सुधारत नाही.

आधी आतून बारीक टकटक आणि चिवचिव ऐकू येते, मग रुंद टोकाजवळ कवचाला चांदणीसारखी भेग पडते. तेथून पिल्लू पूर्ण बाहेर यायला कोंबडीच्या बाबतीत बारा ते चोवीस तास आणि बदकाच्या बाबतीत त्याहूनही जास्त लागू शकतात. या काळात पिल्लू नुसते पडून असल्यासारखे भासते. प्रत्यक्षात ते पापुद्र्यातील रक्त अंगात घेत असते आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. मदत म्हणून टरफल सोलणाऱ्याच्या हाताला हमखास रक्त लागते आणि पिल्लू दगावते. चोवीस तास उलटूनही काहीच पुढे सरकले नाही आणि पापुद्रा पांढरा, कोरडा झालेला दिसला, तरच तो कोमट पाण्याच्या बोळ्याने ओला करावा आणि टरफलाचा छोटासा कपचा काढून थांबावे. रक्ताचा ठिपका दिसताच हात आवरावा.

निघालेली पिल्ले अंग वाळून फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत. पोटातील बलकावर ती दोन दिवस सहज काढतात, त्यामुळे भुकेच्या काळजीने झाकण उघडण्याचे कारण नाही.

बाहेर आल्यावर

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाच्या पातळीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब असावी आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी उतरवावी. मापकापेक्षा पिल्लांच्या वागणुकीतून हे चांगले कळते: दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडते आहे. खाली भाताचे तूस आणि पहिले काही दिवस त्यावर गोणपाट अंथरावे. आधी कोमट पाणी पाजावे, दोन-चार पिल्लांची चोच स्वतः बुडवून दाखवावी, आणि काही तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचे खाद्य द्यावे. पाण्याच्या भांड्यात खडे टाकले की पिल्ले बुडत नाहीत.

बदकाची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांपासून वेगळी ठेवावीत, कारण ती पाणी सांडून तूस सतत ओले करतात आणि त्या ओलीत कोंबडीची पिल्ले गारठतात. त्यांचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल पण आत शिरता येणार नाही असे अरुंद असावे. आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या पिसांना तेलकट लेप नसतो, म्हणून पहिले काही आठवडे त्यांना पोहायला सोडू नये. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड त्यांना मुळीच घालू नये. त्या बुरशीचे विष बदकाच्या पिल्लांना कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते, आणि पावसाळ्यात दमट पोत्यात ती हमखास धरते. त्यांना नायसिन हे जीवनसत्त्वही जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात. कोंबडीच्या पिल्लांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. तिची आणि पुढच्या लसींची वेळ जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावी.

एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस उलटून दोन दिवस झाले, तरी जी अंडी फुटली नाहीत ती उघड्यावर नेऊन फोडून पाहावीत. पूर्ण वाढलेले पण ओले, सुजलेले पिल्लू सापडले, तर आर्द्रता जास्त झाली होती. कोरड्या पापुद्र्यात घट्ट गुंडाळलेले सापडले, तर ती शेवटच्या दिवसांत कमी पडली किंवा झाकण वारंवार उघडले गेले. बरीच अंडी पहिल्या आठवड्यातच मेली असतील, तर साठवण किंवा सुरुवातीचे तापमान बिघडलेले असते. पिल्ले दिवसभर लवकर निघाली असतील, तर पुढच्या वेळी यंत्र पाव अंशाने उतरवावे. उशिरा निघाली असतील, तर तेवढेच चढवावे. वजनांच्या वहीत हे निष्कर्ष त्याच दिवशी लिहावेत, टरफले आणि मेलेली अंडी खोल पुरावीत आणि यंत्र साबणाच्या पाण्याने धुऊन, दिवसभर कडक उन्हात वाळवून मगच पुढची अंडी लावावीत.